हायड्रा आणि दोन डगरींवरचा वकील

मित्रांनो, कोलशेतला खाडीच्या बाजूला डांबरी रस्ता संपून चिखल सुरू होतो, तिथे पत्र्याच्या कुंपणाआड एक पिवळा हायड्रा उभा आहे. तो मी. हायड्रा म्हणजे जड सामान उचलून, चालत चालत दुसरीकडे नेऊन ठेवणारी क्रेन. तुम्ही मला रस्त्यावर नक्की पाहिले असेल. मागे अडकलेल्या गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि मी मान पुढे काढून बैलासारखा संथ चाललेला असतो. आता मी कुठेच जात नाही. माझ्या काचेवर कोर्टाच्या माणसांनी एक कागद चिकटवला आहे. त्यामुळे माझा मालक मला चालूसुद्धा करू शकत नाही. अशी वेळ का आली, ते तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी भावंडे रांगेने उभी असत. ट्रेलरवर बसून मी ठाण्याला आलो तेव्हा माझ्या सीटवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. माझा मालक गिल्बर्ट हा इथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातला. त्याचे आजोबा खाडीत मासे धरायचे आणि पावसाळ्यात भात लावायचे. भाताच्या जागी टॉवर उभे राहू लागले, तेव्हा गिल्बर्ट म्हणाला, "शेती गेली तर गेली. हे टॉवर बांधायला काहीतरी लागेलच ना?" त्याने मला घेतले. फादरांनी येऊन पाणी शिंपडले. गिल्बर्टची बायको जोसेफिन हिने माझ्या केबिनमध्ये मदर मेरीचे छोटे चित्र लावले. माझा ऑपरेटर राजरत्न कळव्याचा. त्याने त्याच चित्राशेजारी बाबासाहेबांचा फोटो लावला. दोघे शेजारी शेजारी बसून माझे काम पाहत राहिले.

ती वर्षे कष्टाची आणि मानाची होती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मी बॉयलर उचलले. कल्याणला एका ट्रकखाली ड्रायव्हर अडकला होता. तो ट्रक मी उचलून धरला आणि माणूस जिवंत बाहेर आला. लोकांनी माझ्या चाकापुढे नारळ फोडला. राजरत्न मला इतक्या हळुवारपणे चालवायचा की हुकाला लटकलेली काचसुद्धा डुलत नसे. संध्याकाळी तो माझ्या पाठीवर हात मारून म्हणायचा, "चल, झालं आजचं." एवढ्यानेही बरे वाटायचे.

गिल्बर्ट दरवर्षी माझा विमा न चुकता भरायचा. एकदा जोसेफिनने विचारले, "आपण तर कधी कोणाला धक्कापण नाय लावला. मग हे कशाला?"

गिल्बर्ट म्हणाला, "अगं, हे आपल्यासाठी नाय. आपल्या हातून परक्या माणसाचं वाईट झालं, तर त्याला द्यायचं ते कंपनी देणार. आपल्यावर केस झाली, तर वकील उभा करून आपल्या बाजूने तीच लढणार. आपण एकटे पडणार नाय."

विम्याच्या भाषेत मालक पहिला, कंपनी दुसरी. रस्त्याने जाणारा जो कोणी असेल, ज्याने कसलीच सही केलेली नाही, तो तिसरा. त्या तिसऱ्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. मला तो विचार आवडला होता.

पण खाडीची हवा खारट. ती लोखंडात कुठून शिरते हे लोखंडालाही कळत नाही. माझ्या केबिनमध्ये एक अलार्म होता. वजन झेपेनासे झाले की तो किंचाळायचा आणि राजरत्न लगेच माल खाली टेकवायचा. एका पावसाळ्यानंतर तो अलार्म गप्प झाला.

राजरत्नने त्याच दिवशी सांगितले. "शेठ, अलार्म बोलत नाय. सेन्सर गेलाय."

"बोलावतो माणूस," गिल्बर्ट म्हणाला. "आता चार साईट अंगावर आहेत रे. गणपती होऊ देत."

गणपती झाले. दसरा झाला. राजरत्नने पुन्हा सांगितले. गिल्बर्टने पुन्हा मान डोलावली. तो वाईट माणूस नव्हता. काही बिघडत नव्हते, म्हणून काही बिघडणार नाही असे त्याला वाटत गेले. मी मात्र प्रत्येक ओझ्याबरोबर आतून ताणला जात होतो. मागची चाके जमिनीवरची पकड किंचित सोडत, पुन्हा टेकत. हे फक्त मला कळत होते, आणि ते सांगायचे माझे एकमेव साधन मुके झाले होते.

ती दुपार लख्ख उन्हाची होती. एका टॉवरजवळून जनरेटर उचलून रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर न्यायचा होता. साईटवाल्यांनी त्याचे वजन खरे होते त्यापेक्षा कमी सांगितले. राजरत्नने विचारलेही, "नक्की एवढंच ना?" त्यांनी हात हलवला. मी जनरेटर उचलला आणि रस्त्यावर आलो. पुढे थोडा उतार होता. उतारावर माझी मागची चाके जमिनीवरून उठली. केबिनमध्ये शांतता होती. राजरत्नला कळले तेव्हा माझी मान एका बाजूला कलंडली होती.

रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट पाहत माया उभी होती. ती नौपाड्यातल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचे काम करायची आणि त्या दिवशी कोणाच्या तरी घरी नमुना घ्यायला आली होती. जनरेटर तिच्या पायावर आला.

राजरत्न केबिनमधून उडी मारून धावला आणि तिचा चेहरा पाहून जागच्या जागी खाली बसला. ती कळव्याची, त्याच्याच वस्तीतली. रोज सकाळी ती त्याच्या दारावरून स्टेशनला जायची.

तिचा जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांनी राजरत्नवर गुन्हा नोंदवला, पुढे त्याला जामीन मिळाला. मला तपासून परत याच आवारात आणून सोडले. माझ्यावर ताडपत्री पडली. मायाने ठाण्याच्या न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावला. राजरत्न, गिल्बर्ट आणि विमा कंपनी, तिघांवर. गिल्बर्टने कंपनीला कळवले आणि काही दिवसांनी कंपनीने नेमलेला वकील आला.

त्याचे नाव सलिल. गोड बोलणारा, स्वच्छ बुटांचा तरुण. चिखलातून येताना त्याने तक्रार केली नाही. माझ्या शेजारीच गिल्बर्टची पत्र्याची केबिन आहे. तिच्या दारात खुर्च्या टाकून ते बसले.

"काका, आता तुम्ही काळजी करू नका," सलिल म्हणाला. "कंपनीच्या वतीने मी आहेच, तुमच्याही वतीने मीच. फक्त या वकीलपत्रावर सही करा."

गिल्बर्टने सही केली. त्या घरात अपघातानंतर कोणी नीट जेवले नव्हते. त्या दिवशी जोसेफिनने वकिलाला मासे वाढले.

"आता मला सगळं सांगा," जेवण झाल्यावर सलिल म्हणाला. "वकिलापासून काही लपवायचं नसतं. मला खरं माहीत असेल तरच मी तुम्हाला वाचवू शकतो."

गिल्बर्टने खुर्ची वकिलाजवळ ओढली. मग म्हणाला, "अलार्म बंद होता. राजरत्नने मला सांगितलेलं. मीच म्हटलं, नंतर बघू."

"किती दिवस बंद होता?"

"पावसाळ्यापासून."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

सलिलने समजूतदारपणे मान हलवली. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. गिल्बर्टचे डोळे भरून आले. पहिल्यांदाच तो हे कोणाजवळ बोलला होता.

निरोप घेऊन सलिल निघाला. गेटपाशी ऊन होते, म्हणून तो माझ्या सावलीत, माझ्या पुढच्या चाकाला टेकून उभा राहिला आणि त्याने फोन लावला.

"हो सर, आत्ताच बोललो. मालकाला माहीत होतं. स्वतःच्या तोंडाने म्हणाला. यंत्र नीट राखायची पॉलिसीतली अट मोडल्याचं सरळ दिसतंय. नाही, नाही, त्याला काही अंदाज नाही. मी लिहून पाठवतो."

मित्रांनो, मी एवढा अवजड, पण त्या क्षणी माझ्यात एक दरवाजा आपटण्याचीही ताकद नव्हती. आत गिल्बर्ट बायकोला म्हणत होता, "चांगला पोरगा आहे गं. आपल्याला आपला माणूस मिळाला."

जोसेफिन खिडकीतून गेटकडे पाहत होती. "आपला माणूस आहे, तर मग फोनवर बोलायला बाहेर का गेला?" ती म्हणाली. गिल्बर्ट तिच्यावर चिडला.

त्यानंतर केसचे काय चालले आहे, ते कळेना. गिल्बर्ट फोन करायचा, सलिल उचलायचा नाही. कधी उचललाच, तर म्हणायचा, "काका, तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही." भरती आली की पाणी कुंपणापर्यंत यायचे आणि ओहोटीला काळा चिखल मागे ठेवून जायचे. माझ्या हुकावर गंज चढू लागला. गिल्बर्ट रोज येऊन माझ्याजवळ उभा राहायचा आणि काही न करता परत जायचा.

एका दुपारी राजरत्न धापा टाकत आला. त्याच्यावरही दावा होता, म्हणून तो स्वतः कोर्टात गेला होता.

"शेठ, तुमच्या बाजूने कोणीच उभं नाय तिकडे," तो म्हणाला. "त्या सलिलने तुमचं काम सोडलं. कंपनीने लिहून दिलंय, मालकाला बिघाड माहीत होता, अट मोडली, म्हणून आम्ही याच्यासाठी लढणार नाय आणि भरणार पण नाय. तुमचं नाव पुकारलं. तुम्ही नव्हता. केस तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालवायचा हुकूम झाला."

"पण तो बोललेला, यायची गरज नाय," गिल्बर्ट म्हणाला. एवढे बोलून तो माझ्या पायरीवर बसला आणि तसाच बसून राहिला. जोसेफिन आली. तिने नवऱ्याला एकही शब्द ऐकवला नाही. तिने चप्पल घातली आणि राजरत्नला म्हणाली, "चल, दुसरा वकील शोधूया."

नौपाड्यात सुमतीबाई नावाच्या वयस्कर वकील होत्या. जोसेफिन त्यांना घेऊन थेट माझ्याजवळ आली, कारण सुमतीबाईंना मला बघायचे होते. पांढरी साडी सावरत त्या माझ्याभोवती फिरल्या आणि मग गिल्बर्टकडे वळल्या.

"गिल्बर्ट, दोन गोष्टी नीट समजून घ्या. कंपनी शेवटी पैसे भरेल की नाही, हा एक प्रश्न. तोवर तुमची बाजू कोर्टात मांडणं, हा दुसरा. कंपनीने तुमच्यासाठी लढायचं अंगावर घेतलं. तुमच्याकडून वकीलपत्र घेतलं. मग तुमच्याच विश्वासाने जे कळलं ते तुमच्याविरुद्ध वापरलं आणि न सांगता तुम्हाला सोडलं. त्यांना शंका होती, तर पहिल्याच दिवशी सांगायचं, की आमचं तुमच्याशी भांडण होऊ शकतं, तुम्ही तुमचा वेगळा वकील पाहा. हा वकील दोन डगरींवर पाय ठेवून उभा राहिला. बुडाले तुम्ही."

सुमतीबाईंनी अर्ज करून एकतर्फी हुकूम रद्द करून घेतला. न्यायाधीशांनी त्यांचे म्हणणे मानले. मालकाने स्वतःच्या वकिलाला विश्वासाने सांगितलेले शब्द मालकाविरुद्ध वापरता येणार नाहीत, असे त्यांनी ठरवले. कंपनीने बचाव असा अर्ध्यावर टाकला, म्हणून गिल्बर्टच्या नव्या वकिलाचा खर्चही न्यायाधीशांनी कंपनीवर टाकला. त्या दिवशी पत्र्याच्या केबिनमध्ये पुष्कळ दिवसांनी चहा झाला.

पण संकट टळले नव्हते. कंपनीने दुसरा अर्ज केला. मालकाचे शब्द नकोत तर नकोत, आम्हाला यंत्र तपासू द्या. अलार्म चालतो की नाही, ते यंत्रच सांगेल.

म्हणजे साक्षीदार मी होतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी गिल्बर्टचा भाऊ व्हॅलेंटाईन एक खोका घेऊन आला. त्यात जुनाच, पण चालू सेन्सर होता.

"अर्ध्या तासाचं काम आहे," व्हॅलेंटाईन म्हणाला. "पोलिसांनी अलार्मकडे बघितलं पण नाय, त्यांच्या कागदात काही नाय. हा बसवला की अलार्म वाजणार. कंपनीला तोंड उघडायला जागा नाय. तुझं घर वाचेल, आणि त्या पोरीला पण पैसे मिळतील. कोणाचं नुकसान आहे, सांग?"

गिल्बर्टने खोका हातात घेतला.  कुंपणावर दोन कावळे ओरडत होते. मला वाटले, आता तो चढणार. तो माझ्या पायरीवर चढलाही. केबिनमध्ये मदर मेरीकडे न पाहता त्याने पॅनेलचा एक स्क्रू सैल केला.

"अलार्म चालू होता म्हणून दाखवलंस, तर काय होईल, कळतंय तुला?" खालून जोसेफिनने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता.

"काय?"

"अलार्म वाजत होता आणि राजरत्नने ऐकला नाय, असं होईल. सगळं त्याच्या गळ्यात जाईल. तुरुंगात तो जाईल, गिल्बर्ट. ज्याने तुला दोनदा सांगितलं, तो."

व्हॅलेंटाईन काहीतरी बोलू लागला. गिल्बर्टने त्याला हाताने थांबवले. मग तो सैल केलेला स्क्रू पुन्हा आवळू लागला, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत. खाली उतरून त्याने खोका भावाच्या हातात दिला. "घेऊन जा," तो म्हणाला. "आणि उद्या येऊ नको."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने माझ्या हुकाला वजन लावले. मागची चाके उठू लागली, केबिन गप्प राहिली. त्याने फोटो काढले. राजरत्न तिथेच उभा होता. आदल्या दिवशी काय घडले ते त्याला कोणी सांगितले नव्हते, आजवर सांगितलेले नाही.

पुढे गिल्बर्ट साक्षीला उभा राहिला. सुमतीबाईंनी त्याला आधीच बजावले होते की अलार्मच्या प्रश्नावर नुसते "आठवत नाही" म्हणालात, तर तुम्हाला बिघाड माहीत होता हे सिद्ध करणे कंपनीला जड जाईल. पण खोटे बोला असे मी सांगणार नाही, असेही त्या म्हणाल्या होत्या. प्रश्न आला. गिल्बर्टने समोर बसलेल्या मायाकडे पाहिले आणि सांगितले, "अलार्म बंद होता. राजरत्नने मला सांगितलं होतं. मी दुरुस्त केला नाही."

निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, मालकाने अट मोडली हे खरे, पण मालक आणि कंपनी यांच्यातल्या भांडणाची झळ मायाला लागता कामा नये, कारण त्या करारावर तिची सही नव्हती. कंपनीने आधी मायाला पूर्ण भरपाई द्यावी आणि मग ती गिल्बर्टकडून वसूल करावी. कंपनीने पैसे भरले. मग ती वसुलीला आली, आणि माझ्या काचेवर हा जप्तीचा कागद लागला. मी विकला जाणार आहे. मी विकूनही सगळे फिटणार नाही, असे जोसेफिन एकदा हळूच म्हणाली. आता गिल्बर्ट दुसऱ्याच्या क्रेनवर देखरेखीचे काम करतो. राजरत्नवरचा खटला अजून चालू आहे. पण गिल्बर्टच्या साक्षीची नक्कल त्याच्या वकिलाने तिथे दाखल केली आहे, आणि राजरत्न आता मान वर करून चालतो.

मागच्या आठवड्यात माया इथे आली. राजरत्नने तिला रिक्षाने आणले. नव्या पायाने चिखलातून येताना तिने त्याचा हात धरला नाही. ती माझ्यासमोर थांबली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. ताडपत्री बाजूला करून गिल्बर्ट उभा होता. त्याला कुठे बघावे ते कळत नव्हते.

"मला वाटायचं, हा खूप मोठा असेल," माया म्हणाली. "स्वप्नात फार मोठा दिसतो."

तिने पुढे होऊन माझ्या गंजलेल्या हुकाला हात लावला.

"काका, मी तुम्हाला माफ करायला नाय आले," ती पुढे म्हणाली. "ते मला जमेल की नाय, माहीत नाय. एक सांगायचं होतं. हॉस्पिटलमध्ये सगळे म्हणायचे, नशीब. आई म्हणायची, नशीब. मी तिथे का उभी राहिले, दोन पावलं मागे का नाय, हेच मी रात्रंदिवस मोजत होते. तुम्ही कोर्टात बोललात, तेव्हा मला कळलं, माझं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मला झोप लागते."

गिल्बर्टने दोन्ही हात जोडले. जोसेफिनने खुर्ची आणली. माया बसली नाही, पण पाणी प्यायली.

मित्रांनो, आता रोज नवे लोक मला बघायला येतात. टायर दाबतात, रंग खरवडतात, भाव विचारतात. त्यांतला एक जण मला घेऊन जाईल आणि मी पुन्हा कुठल्यातरी रस्त्याच्या कडेने ओझे घेऊन चालू लागेन. तिथेही कोणीतरी रिक्षाची वाट पाहत उभे असेल. त्याचे नाव मला माहीत नाही, माझ्या नव्या मालकालाही माहीत नसेल. म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. मोठे झालात की यंत्रे तुमच्या हाती येतील. त्यांच्याजवळचा माणूस काही बिघडल्याचे सांगेल, तेव्हा हातातले काम थांबवा. तुमची बाजू लढायला कोणी आला, तर तो नक्की कोणाचा माणूस आहे, हे आधी विचारा. आणि तुम्हीच कोणाची बाजू घेतलीत, तर ती शेवटपर्यंत घ्या. अर्ध्या वाटेत सोडलेले ओझे कोणाच्या तरी अंगावर पडतेच.